आठ नंबरची नळी

वॉर्डात तिला सगळे कितवाबाई म्हणत. तोंडावर अर्थातच नाही, तोंडावर ‘सिस्टर’. पण सकाळी जिन्यात तिच्या चपला वाजल्या, की आतल्या पोरी एकमेकींना डोळ्यांनी खुणावायच्या आणि हातातलं काम दुप्पट वेगानं करायला लागायच्या. ही बाई आत यायची, पर्स खुंटीला लावायची, हात धुवायची, आणि ज्या ज्या कॉटला लघवीची पिशवी लटकलेली असेल त्या कॉटपाशी थांबून विचारायची, “ही नळी घालून आज कितवा दिवस?”

उत्तर आलं तरी सुटका नसे. लगेच दुसरा प्रश्न तयार असायचा. “आणि ठेवलीये कशासाठी?” इथे भल्याभल्या पोरींची तत-पप व्हायची. डॉक्टरांनी ठेवलीये, असं कुणी म्हटलं तर ती म्हणायची, “डॉक्टर विसरलेत. तू विसरू नकोस.” आणि डॉक्टरांचा राऊंड आला, की हेच दोन प्रश्न ती त्यांना विचारायची, आवाजात फक्त थोडी साखर घालून.

बायकांचा हाडांचा वॉर्ड, कॉट वीस. त्या वीस कॉटांमधून ही बाई दिवसभर फिरत असायची. पायाला भिंगरी म्हणतात ती हीच. पिशवी जमिनीला टेकलीये, उचल. नळीला पीळ पडलाय, सोडव. पिशवी कमरेच्या वर टांगलीये, कुणाचं हे काम? तिच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती, आणि ती दुसऱ्या कुणाला मिळू द्यायचीही नाही.

ती काही जन्मतः अशी नव्हती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक शाळामास्तरीण मांडी मोडून दाखल झाली होती. मांडी छान जुळली. पण ऑपरेशनच्या वेळी घातलेली नळी तशीच राहिली. अकरा दिवस. कुणी मुद्दाम ठेवली नाही, कुणी काढायचंही मनावर घेतलं नाही. नळी असली की सगळ्यांचीच सोय. पेशंटला उठायला नको, नर्सला भांडं द्यायला नको, चादर बदलायला नको. बाराव्या दिवशी मास्तरीण थंडीनं कुडकुडायला लागली, नळीवाटे शिरलेले जंतू रक्तात गेले आणि सोळाव्या दिवशी ती कॉट रिकामी झाली. त्या अकराही दिवसांत आपली ही बाई रोज सकाळी त्या नळीवरून चादर नीट करत होती. तेव्हा पोरसवदा होती. पुढे पंचवीस वर्षं झाली, वॉर्डची इन्चार्ज झाली, पण ती चादर काही तिच्या हातातून सुटली नाही.

म्हणून मग तिनं हाडांच्या मोठ्या डॉक्टरांचं डोकं दोन वर्षं खाल्लं. शेवटी त्यांनी कंटाळून एका कागदावर सही केली. नळी घालून अठ्ठेचाळीस तास झाले आणि ठेवण्याचं कारण लिहिलेलं नसेल, तर सिस्टरनं ती काढून टाकायची, डॉक्टरांना विचारत बसायचं नाही, असा तो नियम. कोणती कारणं चालतील तेही लिहिलं होतं. लघवी तुंबली असेल, तासातासाला मोजायची असेल, कमरेखाली ओल चालणार नाही अशी जखम असेल, किंवा शेवटचे दिवस असतील आणि हलवणं म्हणजे छळ असेल. चारच. कागद भिंतीला लागला आणि खाली तिनं लाल पेनानं स्वतःची एक ओळ घातली: पेशंट उचलायला जड आहे, हे कारण नाही.

आता हिची सासू. वय चौऱ्याहत्तर, अंगानं भरभक्कम. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला, त्यामुळे दुसऱ्याची चूक दिसली नाही तर तिला जेवण पचत नसे. एका घरात अशा दोघी म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. पण गंमत अशी, की दोघींचं छान जमायचं. सासू सुनेची बिलं, अर्ज, रजेच्या चिठ्ठ्या तपासून द्यायची आणि सून सासूच्या गोळ्या. फक्त एका बाबतीत सासू कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. न्हाणीघरात. टॉवेल विसरला तरी दाराबाहेर ठेवून जा म्हणायची आणि पावलं लांब गेल्याची खात्री झाल्यावर दार उघडायची.

त्याच न्हाणीघरात ती एका रविवारी सकाळी घसरली. खुब्याचं हाड मोडलं. सोमवारी ऑपरेशन झालं आणि सुनेच्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या आठ नंबरला ती येऊन पडली. बरोबर सलाईन, पट्ट्या आणि लघवीची नळी. बाईचा नवरा सगळ्या नातेवाइकांना फोनवर सांगत सुटला, “काळजीच नाही. घरातच सिस्टर आहे.”

बुधवारी दुपारी अठ्ठेचाळीस तास भरले. वॉर्डात त्या दिवशी नुसती दाणादाण होती. दोघी रजेवर, तीन नवे पेशंट एकदम आलेले, एकीचं प्लास्टर ओलं, दुसरीचे नातेवाईक दारात भांडत असलेले. अशात वॉर्डातली सगळ्यात नवी नर्स, जाड भिंगांची चष्मेवाली, ट्रे घेऊन आली.

“सिस्टर, आठ नंबरची काढते हं. दोन दिवस झाले, कारण काही लिहिलेलं नाही.”

बाईनं तोंड उघडायच्या आत सासू कॉटवरून बोलली, “काढणार? आणि मग?”

“मग बेडपॅन देऊ ना आजी. नाहीतर दोन दिवसांनी कमोडवर बसवू.”

“म्हणजे मला दर दोन तासांनी तुम्ही पोरी उचलणार? उघडं करून? अगं, मी काय हलकी आहे?” सासूनं सुनेकडे बघितलं. त्या नजरेत हुकूम नव्हता, विनवणी होती, आणि ती नजर बाईनं वीस वर्षांच्या संसारात पाहिली नव्हती. “राहू दे ना ती. मला काही त्रास नाही तिचा.”

असं म्हणणारे पेशंट तिनं शेकड्यानं पाहिले होते. त्यांना द्यायचं उत्तर तिला पाठ होतं. पण त्या क्षणी तिला दिसली ती भलतीच गोष्ट. ताज्या खुब्याच्या जड बाईला भांडं द्यायचं म्हणजे तिघी लागतात. दिवसातून सहा वेळा तिघी. आणि त्या तिघी मागे काय म्हणतील? इन्चार्जची सासू आली आणि वॉर्ड तिच्या दिमतीला जुंपला. स्टाफच्या नातेवाइकांचे असले थाट तिनं पाहिले होते आणि त्यांच्या नावानं बोटं मोडली होती. आपण तसं करायचं नाही, हे तिनं आठ नंबरची चादर घालतानाच ठरवलं होतं.

“राहू दे आजचा दिवस,” ती चष्मेवालीला म्हणाली. “उद्या बघू.”

“मग कारण काय लिहू?”

“मी लिहिते.”

तिनं तक्ता घेतला आणि घाईघाईनं लिहिलं: हालचाल अवघड. लिहिताना तिची पाठ भिंतीवरच्या कागदाकडे होती. चष्मेवालीनं ते वाचलं, मग भिंतीवरची लाल ओळ वाचली, आणि ट्रे घेऊन गेली.

गुरुवारी पुन्हा ‘उद्या’. शुक्रवारीही तेच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! पण ती काही निष्काळजीपणा करत नव्हती, हे सांगायला हवं. उलट आठ नंबरपाशी तिचा दिवसात पंधरा वेळा फेरा व्हायचा. नळीची जागा ती स्वतः साफ करायची, पिशवी स्वतः रिकामी करायची, पट्टी स्वतः बदलायची. ठेवायचीच आहे तर इतकी नीट ठेवू की जंतूंची काय बिशाद, असा तिचा हिशेब होता. नळी कितीही जपली तरी आत राहिलेला प्रत्येक दिवस धोका वाढवतो, हे ती नव्या पोरींना दर महिन्याला शिकवायची. शिकवताना तिला ते अगदी खरं वाटायचं.

शुक्रवारी सासूला एक्स-रेला नेलं. परत येताना वॉर्डबॉयनं ट्रॉलीवर लघवीची पिशवी तिच्या पोटावर ठेवली होती, सामान ठेवावं तशी. बाई लिफ्टच्या दारातच त्याच्यावर कडाडली. पिशवीतलं उलटं आत जातं, किती वेळा सांगायचं, आई असती तुझी तर ठेवली असतीस का? तो बिचारा मान खाली घालून उभा राहिला. बाईचं बोलणं बरोबरच होतं. पण ओरडून झाल्यावर तिला धाप लागली आणि कुणावर चिडलोय तेच कळेना. नळीच नसती तर पिशवी आली कुठून असती?

शनिवारी दुपारी सासूला हुडहुडी भरली. दोन पांघरुणं घातली तरी दात वाजत होते. अंगाला हात लावला तर चटका बसावा असा ताप. आणि मग ती छताकडे बोट दाखवून म्हणाली, “तिसऱ्या ओळीत अक्षर सुटलंय. कुणी बघितलं हे? असं छापायला पाठवलं?”

छत पांढरंशुभ्र होतं.

“वय झालंय, भुलीचा परिणाम असेल,” शिकाऊ डॉक्टर म्हणाला. “म्हातारी माणसं जागा बदलली की बरळतात.”

“भूल उतरून पाच दिवस झाले,” बाई म्हणाली. “नळी काढा. नव्यानं लघवी घेऊन तपासायला पाठवा, रक्तही पाठवा. आणि मोठ्या डॉक्टरांना बोलवा. आत्ता.”

नळी तिनंच काढली. पिशवीत तळाशी गढूळ साका बसला होता. सकाळी हीच पिशवी तिनं रिकामी केली होती, तेव्हा तो नव्हता. की होता? तिला आठवेना. रक्तदाब ऐंशीवर आला. संध्याकाळपर्यंत सासूला अतिदक्षता विभागात हलवलं. दार मिटताना ती आतून ओरडत होती, “ते पान परत पाठवा! परत पाठवा!”

ते दोन दिवस बाई नुसती चालत होती. वॉर्डातून जिन्यात, जिन्यातून काचेच्या दारापाशी, तिथून परत वॉर्डात. जीव टांगणीला लागला होता. कॉटपाशी जाऊन ‘कितवा दिवस’ विचारायला तोंड उघडायची आणि न विचारताच पुढच्या कॉटकडे वळायची. हात इतक्या वेळा धुतले की बोटांच्या पेरांची सालं निघाली. पोरी तिला वाट करून द्यायच्या. कुणीही काही विचारत नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त त्रास व्हायचा.

रविवारी सकाळी जिन्याच्या कट्ट्यावर नवरा डबा घेऊन बसला होता. त्याच्यासमोर ती उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. नियम, तक्ता, हालचाल अवघड, उद्या, उद्या, उद्या.

नवऱ्यानं डब्याचं झाकण फिरवून घट्ट केलं. म्हणाला, “दुसऱ्या कुणाची आई असती, तर ठेवली असतीस?”

“नाही हो.”

“मग आमच्याच आईची का?”

तिच्याकडे उत्तर होतं, पण ते इतकं क्षुद्र होतं की तिला सांगवेना. चार पोरी मागे काय बोलतील या भीतीपायी. तो उठला, डबा तिथेच ठेवून काचेच्या दाराकडे गेला. भांडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

औषध लागू पडलं. सोमवारी ताप उतरायला लागला आणि मंगळवारी सासू आठ नंबरवर परत आली. पण ती गेलेली सासू नव्हती. गाल बसले होते, पेला धरताना हात थरथरत होता. ज्या दिवसांत तिनं वॉकर धरून उभं राहायचं, ते दिवस तापानं खाल्ले होते. मोठे डॉक्टर म्हणाले, चालतील, पण वेळ लागेल, आणि पूर्वीसारखं म्हणाल तर आता सांगता येणार नाही. रोज सकाळी एकटी भाजी आणायला जाणारी बाई ही. डॉक्टरांनी सांगितलेलं सासूनं ऐकलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

बुधवारी बाईनं तिलाही सांगितलं. सासूनं डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं.

“मीच म्हणाले होते ना, राहू दे म्हणून,” ती म्हणाली.

“तुम्ही म्हणणारच आई. लेखकसुद्धा म्हणतो, असू दे, काय बिघडतं. तुम्ही सोडायचात का चूक?”

“नाही.” सासूनं डोळे उघडले. “हातची नोकरी जाईल म्हणाले तरी नाही सोडली.” मग थोड्या वेळानं, “माझ्या पायांचं वाईट वाटतंय मला. खोटं कशाला बोलू? तुझा रागही येतोय. जा आता, तुझं काम कर.”

गुरुवारी दुपारी, ड्यूटी बदलायच्या वेळी, चादरींच्या खोलीत वॉर्डची बैठक असायची. नळीमुळे कुणा पेशंटला जंतूंची बाधा झाली, तर त्या पेशंटच्या नर्सनं सगळ्यांपुढे उभं राहून झालेलं वाचायचं. ही पद्धत बाईनंच पाडली होती. पेशंटचं नाव घ्यायचं नाही, फक्त कॉटचा नंबर. पण स्वतःबद्दल बोलताना ‘राहून गेलं’, ‘झालं’ असलं चालायचं नाही. ‘मी’ म्हणायचं. या खोलीत कित्येक पोरी रडल्या होत्या, आणि बाईनं त्यांना रुमाल दिला होता, सूट मात्र कधी दिली नव्हती.

त्या गुरुवारी चादरींच्या ढिगांमध्ये सातजणी दाटीवाटीनं उभ्या होत्या. बाईनं तक्ता धरला.

“आठ नंबर. वय चौऱ्याहत्तर. खुब्याचं ऑपरेशन. नळी सोमवारी घातली, बुधवारी काढायला हवी होती. मी काढली नाही. नर्सनं विचारलं, मी थांबवलं. कारणाच्या जागी ‘हालचाल अवघड’ असं मी लिहिलं. नळी ठेवायला खरं कारण नव्हतं. शनिवारी ताप आला, जंतू रक्तात गेले. पेशंट वाचली. पूर्वीसारखी चालेल की नाही, माहीत नाही.”

वॉर्डातली सगळ्यात जुनी नर्स हळूच म्हणाली, “जाऊ द्या हो सिस्टर. वयच तसं आहे त्यांचं. होतं असं कधीकधी.” दोघीतिघींनी माना डोलावल्या. एकीनं तर तिच्या पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत या खोलीत असं बोलायची कुणाची हिंमत झाली नव्हती. तो हात बाईला सहन होईना. तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

“मी एक विचारू?” चष्मेवाली म्हणाली. बाकीच्यांनी तिच्याकडे डोळे वटारले, पण ती थांबली नाही. “सिस्टर, तुम्ही आम्हाला हाक का नाही मारलीत? आम्ही उचललं असतं ना त्यांना.”

“तुमच्यावर आधीच कामाचा डोंगर होता.” बाई म्हणाली. “त्यात ती माझी सासू. मला तुमचे उपकार नको होते.”

चष्मेवालीचे कान लाल झाले. राग आला की तिचे कान आधी लाल होत.

“म्हणजे बाकीच्या एकोणीस बायकांना आम्ही रोज उचलतो,” ती म्हणाली, “ते उपकार करतो का?”

बाईनं उत्तरासाठी तोंड उघडलं. या पोरीला उत्तर देणं तिच्या पदाला शोभून दिसलं असतं, आणि एरवी तिच्या जिभेवर उत्तरांची कमी नसे. पण कामाला काम म्हणायचं तिनंच या पोरींना शिकवलं होतं, आणि आपल्या घरचं माणूस आल्याबरोबर तिनंच त्या कामाला उपकार करून टाकलं होतं. चार दिवस या पोरींचा अपमान केला होता आणि त्याची किंमत सासूनं मोजली होती. तिचे डोळे भरून आले. ते तिनं पुसले नाहीत.

“नाही,” ती म्हणाली. “चुकले मी.”

वॉर्डातून घंटी वाजली. एकीनं दारातून डोकावून पाहिलं. “आठ नंबरचीच आहे.”

बाईनं तक्ता चादरींवर ठेवला. सवयीनं ती एकटीच दाराकडे निघाली, दोन पावलं गेली आणि थांबली. मागे वळून बघताना तिला मान वर करायला जड जात होतं.

“आजींना कमोडवर बसवायचं असेल,” ती म्हणाली. “मला एकटीला झेपणार नाही. तिघीजणी या.”

चष्मेवाली सगळ्यांत आधी निघाली. चौघींनी हात धुतले आणि आठ नंबरभोवती पडदा ओढला. सासूनं त्या चार तोंडांकडे आळीपाळीनं बघितलं.

“एवढ्या जणी? मी काय कपाट आहे?”

“कपाट परवडलं आजी,” चष्मेवाली तिच्या पाठीखाली हात घालत म्हणाली. “ते बोलत नाही.”

सासू हसली नाही. चादर बाजूला झाली तशी तिनं लाजेनं डोळे गच्च मिटले. मग मिटल्या डोळ्यांनीच चाचपडत तिनं चष्मेवालीच्या गळ्यात एक हात टाकला आणि दुसरा सुनेच्या.

“तीन म्हणाले की उचला,” बाई म्हणाली, आणि मोजायला लागली.